पेटीतली बाई

आमच्या घरात एक पत्र्याची पेटी होती. मूळ रंग हिरवा, कोपरे गंजलेले, कडी मोडलेली म्हणून सुतळीनं बांधलेली. आत्याची लुगडी तिच्यात असायची. झाकणाला आतून एक जाड कागद चिकटवलेला होता. कोरा, पिवळा पडलेला. लहानपणी मला वाटायचं, पेट्यांना आतून असा कागद असतोच. त्या कागदाच्या मागे एक बाई आहे हे मला कळलं तेव्हा मी अडतीस वर्षांचा होतो.

१९९८ साली आम्ही जुनं कौलारू घर उतरवलं. सातिवलीत तेव्हा ज्याच्या त्याच्या दारात रेती-विटा पडलेल्या. हायवेच्या कडेची भाताची शेतं जाऊन तिथं गाळे उभे राहत होते, आणि ज्यांच्याकडे जमिनीचे पैसे आले त्यांनी घरं बांधायला काढली होती. आमचं सामान सगळं अंगणातल्या मांडवाखाली. मेच्या शेवटाला एक सर आली, तुंगारेश्वराच्या डोंगरावरून येते तशी, न सांगता, आणि पेटी भिजली. वाळायला म्हणून झाकण उघडं टाकलं तर खळ सुटून कागदाचा एक कोपरा लोंबत होता. मी ओढला. अख्खा कागद हातात आला. उलटा केला.

बाई होती. डोक्यावर पांढरं फडकं, त्यावर लाल फुली, आता विटकरी झालेली. एक डोळा शाबूत. दुसरा डोळा आणि अर्धा गाल कसरीनं खाल्लेला, काही भाग गंजासोबत पत्र्यालाच राहिलेला. गळ्याखाली देवनागरी अक्षरं होती, पण सलग लागेल असा एकच शब्द उरला होता : परिचारिका.

माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची. ती धावत आली. "ही कोण?"

आत्या बाजल्यावर बसून लसूण सोलत होती. सत्तरी उलटलेली. तिनं पदराला हात पुसले, कागद घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि चित्रातल्या बाईला म्हणाली, "आलीस का गं भायेर?" मग मुलीकडं वळून, "ही शिकलेली सुईन, बाय."

आमच्या बोलीत ण आणि ळ नीट उमटत नाही. आत्यानं सुईण हा शब्द उभ्या जन्मात सुईन असाच म्हटला.

त्या रात्री मांडवात बसून तिनं सांगितलं ते मी इथं लिहितो आहे. काही मला आधीपासून तुकड्यातुकड्यांनी ठाऊक होतं. जुळलं तेव्हा.

आमचा आजा गवताचं काम करायचा. डोंगराच्या पायथ्याचं गवत कापायचं, भारे बांधायचे, बैलगाडीत रचून स्टेशनाजवळच्या वखारीवर टाकायचे. तिथून ते रेल्वेनं मुंबईच्या तबेल्यांना जायचं. स्टेशनाला तेव्हा बसीन रोड म्हणत. विजेची गाडी विरारपर्यंत १९३६ सालीच आली होती, पण सातिवलीतून स्टेशनाला जायचं तर बैलगाडी किंवा पाय. पावसाळ्यात नुसते पाय, तेही चिखलातून काढत काढत.

१९४१ च्या श्रावणात माझी आजी बाळंत झाली. बापू, म्हणजे माझे वडील, तेव्हा आठ वर्षांचे. आत्या चौदा वर्षांची. मूल आलं, ते रडलंच नाही. वार पडेना. गावची सुईण हाताची होती, अनुभवी होती, तिनं पोट चोळलं, तोंडात केस घालून ओकारी काढायला लावली, जे जे ठाऊक ते केलं. रक्त थांबेना. आत्याच्या हातात कंदील होता. "मना बोलले, कंदील हालवू नको," ती सांगायची. एवढंच काम तिला दिलेलं. पहाटे गाडी जुंपली, आजीला गोधडीत गुंडाळून घातली. गोखिवऱ्याच्या अलीकडं चाक रुतलं. चाक निघालं तेव्हा आजी गेली होती. गाडी तिथूनच वळवली.

हे सांगताना आत्या कधी रडली नाही. फक्त "कंदील हालवू नको" हे वाक्य ती दोनदा म्हणायची, प्रत्येक वेळी.

त्यानंतरचं वर्ष बेचाळीसचं. १४ ऑगस्टला पालघरला मोर्च्यावर गोळीबार झाला, पाच जण गेले. पालघर आमच्यापासून काही फार लांब नाही. गाडीनं आलेली माणसं वखारीवर सांगत होती, आजानं तिथंच ऐकलं. तो काही पुढारी नव्हता, सभेलाही कधी गेला नसेल. पण त्या दिवसापासून सरकार हा शब्द तो थुंकून उच्चारायचा.

आणि त्रेचाळीस साली तो कागद घरात आला.

लढाईमुळं कागद मिळत नव्हता. वहीला नाही, पुडीला नाही. मुंबईत त्याच वर्षी धान्याचं रेशनिंग सुरू झालं. स्टेशनाच्या भिंतीवर मात्र जाहिराती लागत, जाड, रंगीत. पलटणीत भरती व्हा, पैसे गुंतवा, अफवा पसरवू नका. त्यातली एक न लावलेली वखारीत पडून राहिली होती, ती आजानं उचलली. पत्र्याचा गंज लुगड्यांना लागतो, आत लावायला बरी म्हणून. त्याच्या लेखी तो कागद होता. चित्र नव्हतं.

आत्या लोकलबोर्डाच्या शाळेत तिसरीपर्यंत गेली होती. आई गेल्यावर शाळा सुटली, अक्षरं सुटली नाहीत. आजा खळ शिजवत होता तेवढ्यात तिनं कागद ओसरीवर पसरून बोट फिरवत वाचला. सगळं कळलं नाही. शिकवतील, राहायला जागा देतील, पगार देतील, एवढं कळलं. आणि एक शब्द अडला.

"बाबा, परिचारिका म्हंजे काय?"

"नर्स," आजा म्हणाला. वखारीमुळं त्याला असले शब्द ठाऊक होते. "सोल्जर लोकांच्या जखमा धुते ती."

"बालंतपन करते का?"

आजा काही बोलला नाही. पोरीनं पुढचं विचारलं, "मी जाऊ?"

मी आत्याला विचारलं होतं, तुला लढाईत जायचं होतं? ती हसली. लढाई कुठं चाललीय तेही तिला धड ठाऊक नव्हतं. तिला त्या बाईच्या तोंडाकडं बघून एवढंच वाटलं होतं की हिला माहीत असेल. वार पडली नाही तर काय करायचं ते हिला माहीत असेल.

आजानं दोन गोष्टी सांगितल्या. पहिली मोठ्यानं, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी : "ज्यांनी पालघरला पोरांवर गोल्या घातल्या, त्यांच्या जखमा माजी पोर धुनार नाय." दुसरी हळू, खळीच्या भांड्यात बघत : "आनि बापूला कोन बघंल?"

मग त्यानं कागद उलटा केला, चित्राच्या बाजूला खळ लावली आणि झाकणात दाबून बसवला. कोरी बाजू वर. मुद्दाम केलं की छापलेल्या बाजूला खळ चांगली धरेल असं त्याला वाटलं, ते आता कोण सांगणार. आत्याचं म्हणणं, मुद्दाम. मला तितकी खात्री नाही.

आजाला दोष देणं सोपं आहे. पण त्या काळी नर्स म्हटलं की आमच्या पट्ट्यात नाक मुरडत. परक्या पुरुषाच्या अंगाला हात, रात्रीची ड्यूटी, कोणाच्याही जातीच्या माणसाची घाण. खाडीकडच्या ख्रिस्ती गावांतल्या मुली शिकून मुंबईला या कामाला जायच्या, त्यांच्या घरी ते मानाचं होतं. आमच्याकडं नाही. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनानं विधवा बायकांना नर्सिंगला घातलं तेव्हा तिथल्या शिकल्यासवरल्या लोकांनीही नावं ठेवलीच होती, तर सातिवलीच्या गवतकाप्याचं काय घेऊन बसलात. आणि त्याचं दुसरं वाक्य तर खरंच होतं. बापूला बघायला दुसरं कोणी नव्हतंच. माझ्या बापाला आत्यानं वाढवलं. म्हणजे ती गेली नाही त्याचा फायदा पहिल्यांदा माझ्या बापाला आणि मग मला झाला. हे मी विसरू शकत नाही.

पुढच्या वर्षी कामणला लग्न लावून दिलं. पाच-सहा वर्षांत नवरा गेला, मूल नव्हतं, ती परत आली. येताना तीच पेटी.

परत आल्यावर ती गावच्या म्हाताऱ्या सुईणीमागे फिरायला लागली. पाणी तापव, चिंध्या धू, कंदील धर. सुईण थकली तशी आत्याचाच हात लागू लागला. माझा जन्म तिच्या हातचा. गावातल्या अर्ध्याअधिक माझ्या वयाच्या माणसांचा. पाड्यांवरूनही बोलावणं यायचं, रात्री बॅटरी घेऊन माणूस आला की ती चपला शोधत बसायची नाही, अनवाणी निघायची.

१९७० नंतरच्या दशकात सरकारनं खेड्यातल्या सुयांना, म्हणजे दायांना, प्रशिक्षण द्यायला घेतलं. आत्याची पन्नाशी जवळ आलेली. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती महिनाभर जाऊन बसली. तिथली नर्सबाई तिच्या लेकीच्या वयाची. आत्या घरी येऊन एकेक सांगायची : नखं कापायची, ब्लेड उकळायचं, नाळेला शेण-राख काही लावायचं नाही. शेवटी ॲल्युमिनियमची एक पेटी मिळाली, आत कात्री, दोरा, साबण, बोळे. ती पेटी ती देव्हाऱ्याशेजारी ठेवायची.

त्या शिकवणीत तिनं एक प्रश्न विचारला होता. तिच्या आयुष्यातला तो एकच प्रश्न होता म्हणा ना. "बाई, वार नाय पडली तं काय करायचा?"

नर्सबाईनं जे शिकवायला हवं तेच शिकवलं. आपण ओढायचं नाही, हात घालायचा नाही. गाडी बघायची आणि दवाखान्यात न्यायचं.

"गाडी तं आमी पन बघितली होती," आत्या म्हणाली. नर्सबाईला त्याचा अर्थ कळला नसणार.

आत्या २००४ साली गेली. तो कागद तिनं वर्तमानपत्रात घालून लुगड्यांखाली ठेवला होता, ह्या वेळी चित्र वर करून.

मुलीनं बारावीनंतर जीएनएमला नाव घातलं तेव्हा मी काही म्हणालो नाही. उलट मिरवलो. तिच्या वह्या मी चाळायचो. एका वहीत भोर समितीचे आकडे होते, परीक्षेला येतात म्हणून चौकटीत घातलेले. १९४६ चा अहवाल. साऱ्या देशात नर्सेस सात हजार. त्रेचाळीस हजार माणसांमागे एक. मी जेवता जेवता हिशेब घातला. सातिवली, वालीव, गोखिवरे, पेल्हार, कामण, आजूबाजूचे सगळे पाडे धरले तरी तेव्हा त्रेचाळीस हजार माणसं भरली नसती. म्हणजे आमच्या सगळ्यांत मिळून एक नर्सदेखील नाही. आणि जी असेल ती मुंबईत.

सात हजारांतच लढाईचंही भागवायचं होतं. हिंदुस्थानातले पंचवीस लाख सैनिक त्या युद्धात होते, ब्रह्मदेशाच्या बाजूनं जखमी येत होते. म्हणून तर ऑक्झिलरी नर्सिंग सर्व्हिस काढली, म्हणजे थोडंफार शिकवून हाताखाली घ्यायच्या मुली. त्रेचाळीस सालच्या अध्यादेशानं लष्करातल्या नर्सेसना अधिकाऱ्याचा दर्जा दिला. पलीकडच्या बाजूला नेताजींच्या फौजेतही बायकांचं नर्सिंग पथक होतं, त्याला नाव दिलेलं चांदबिबीचं, आपल्या अहमदनगरच्या. आजाला हे ठाऊक असतं तर त्या पथकात तरी त्यानं पोरीला पाठवलं असतं का? नसतंच. बापूला कोण बघणार होतं?

मुलीनं मला मोबाइलवर परदेशातली तसली चित्रं दाखवली. एक १९१८ सालचं, अमेरिकेच्या रेडक्रॉससाठी फोरिंजर नावाच्या चित्रकारानं काढलेलं. प्रचंड मोठी नर्स, आणि तिच्या कुशीत स्ट्रेचरवरचा सैनिक, इवलासा, तान्ह्या मुलाएवढा. दुसऱ्या महायुद्धातली तर ढीगभर. अमेरिकेनं १९४३ साली मुलींना फुकट नर्सिंग शिकवायची मोठी योजना काढली, राखाडी गणवेश दिला. तरी पुरेनात म्हणून पंचेचाळीसच्या जानेवारीत अध्यक्ष रूझवेल्ट नर्सेसची सक्तीची भरती करायला निघाले होते. त्या साऱ्या चित्रांतल्या नर्सेस देखण्या, टापटीप, डोळे वर लावलेल्या. मी बघत गेलो. खाटेवर सैनिक होता, खलाशी होता, वैमानिक होता. बाळंतीण एकाही चित्रात नव्हती. युद्धाच्या जाहिरातीत ती कशाला असेल म्हणा. पण आमच्या ओसरीवर सोळा वर्षांच्या पोरीनं जे पाहिलं ते कागदावर नव्हतंच, हे मला तेव्हा उमगलं.

मग २०२० आलं. ते साल जागतिक आरोग्य संघटनेनं परिचारिकांचं वर्ष म्हणून आधीच ठरवलेलं, फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्माला दोनशे वर्षं झाली म्हणून. योग कसले जुळतात. मार्चमध्ये आम्ही दारात उभं राहून थाळ्या वाजवल्या. मेमध्ये हेलिकॉप्टरमधून दवाखान्यांवर फुलं टाकलेली टीव्हीवर पाहिली. आणि मोबाइलवर भरतीची चित्रं फिरायला लागली. मास्क लावलेली नर्स, मागे झेंडा, खाली योद्धा हा शब्द. नर्सेस पाहिजेत, तीन महिन्यांच्या करारावर.

मुलगी तेव्हा एका लहान खाजगी दवाखान्यात होती. तिनं ते चित्र मला दाखवलं आणि म्हणाली, "पप्पा, मी जाते."

मी म्हणालो, काही गरज नाही. ह्या लोकांना आज गरज आहे म्हणून गोड बोलतायत, उद्या ओळख देणार नाहीत. मोठ्यानं म्हणालो. ती ऐकत राहिली. तिच्या आईला साखर आहे, बीपी आहे. मग मी आवाज खाली आणून म्हणालो, "आणि घरी आईला कोण बघेल?"

वाक्य तोंडातून गेलं आणि मी गप्प झालो. आजाला मी पाहिलेलं नाही, माझ्या जन्माआधीच तो गेला. पण तो कसा बोलला असेल ते मला त्या क्षणी नेमकं कळलं. मोठ्यानं काय, हळू काय, सगळं तसंच. मुलीला ती गोष्ट पाठ होती. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, बोलली नाही. तिनं बोलावं अशी माझी इच्छाही नव्हती.

ती गेली. लोकल बंद होत्या, एसटीनं जायची. जूनच्या मध्यापासून अत्यावश्यक सेवेच्या लोकल सुरू झाल्या तेव्हा कुठं प्रवास कमी झाला. घरी आली की मागच्या दारी गरम पाण्यानं आंघोळ, कपडे साबणात, वेगळं ताट. मास्कच्या वळांनी नाकावर जखम झालेली. आम्ही थाळ्या वाजवल्या तीच गल्ली, पण ती वळणावर दिसली की खिडक्या लागायच्या. दूधवाला पिशवी फाटकाला अडकवून पळायचा. मी त्याला काय बोलू, मी तिला थांबवायला निघालेलो.

करार तीन महिन्यांचा, मग वाढत गेला, दुसरी लाट ओसरली आणि एके संध्याकाळी मोबाइलवर दोन ओळी आल्या, उद्यापासून येऊ नये. शेवटचा पगार कितीतरी महिने अडकला. माझा पहिला मुद्दा खरा ठरला म्हणायचा. मला त्यात काही आनंद वाटला नाही. तिलाही फार आश्चर्य वाटलं असं दिसलं नाही. "वाटलंच होतं पप्पा," एवढंच म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी अर्ज टाकायला गेली.

आता ती प्रसूती विभागात आहे, दुसऱ्या एका दवाखान्यात. गेल्या पावसाळ्यात एकदा सकाळी रात्रपाळी करून आली, चपला काढता काढता उंबऱ्यातच बसली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, रात्री एका बाईची वार अडकली होती. रक्त थांबत नव्हतं. हिनं सलाईन लावलं, इंजेक्शन चढवलं, डॉक्टरांना उठवलं. डॉक्टरांनी हातानं वार काढली. रक्ताच्या दोन पिशव्या लागल्या.

"मग?"

"मग काय? झोपलीय आता. चहा प्यायली."

मी विचारलं, बाई कुठली. म्हणाली, सातिवलीचीच. म्हणजे आपल्या गावठाणातली नव्हे, गाळ्यांच्या मागच्या चाळीतली. नवरा पत्र्याच्या कारखान्यात आहे, बिहारचा. रात्री रिक्षानं आणली, वीस मिनिटांत पोचले.

"आणि पोर?"

"मुलगी. रडत होती खूप," असं म्हणून ती आत गेली, आणि मी चहा टाकेपर्यंत तिला झोप लागलेली.